स्वभावाची हजेरी

'स्वभावाला औषध नाही' ही म्हण आमच्या घरात इतक्या पिढ्या चालत आली आहे की, तिला आता जवळजवळ कुलाचाराचे स्वरूप प्राप्त झाले आहे. कोणी रागावला, कोणी विसरला, कोणी पंगतीला उशिरा आला, की वडील मंडळींनी ही म्हण उच्चारावी आणि विषय संपवावा, असा परिपाठ. एकत्र कुटुंबात प्रत्येकाच्या नावाला एकेक विशेषण कायमचे जोडलेले असते. थोरली सून अबोल, धाकटी तोंडाळ. एक मुलगा हुशार, दुसरा व्रात्य. मामा चिक्कू, आत्या मानी. कपाळीचे गंध स्नानाबरोबर निघून जाते, परंतु हे विशेषण एकदा लागले की माणसाबरोबरच जावयाचे!

आम्ही सदतीस वर्षे शाळामास्तरकी केली असल्यामुळे विशेषणे वाटण्याच्या कामी आमचा हात अंमळ सढळच आहे. आमचे शिक्षण म्हणाल तर मॅट्रिकपर्यंतचे. संस्कृत तेवढे आजोबांच्या पायाशी बसून थोडेबहुत झाले. मानसशास्त्राची ओळख अध्यापनाच्या परीक्षेपुरती घोकलेल्या चार प्रकरणांहून अधिक नाही. तथापि या शास्त्रातील एका विचारामुळे आमच्या घरात होऊ घातलेला एक मोठा अन्याय टळला, आणि तो अन्याय करणारे दुसरेतिसरे कोणी नसून आम्हीच होतो. म्हणून सुज्ञ वाचकांपुढे ही हकीकत मांडण्याचे धाडस करीत आहो.

आमचे गाव तेलगाव. बीडहून परळीस जाणारा आणि माजलगावहून धारूरकडे जाणारा असे दोन रस्ते येथे एकमेकांस छेदतात. गावाला साखर कारखाना आहे; आणि तरीही याच जिल्ह्यातील हजारो कुटुंबे दसरा सरला की कोयता घेऊन पश्चिमेकडच्या कारखान्यांवर ऊसतोडीस जातात, ती पाडव्याच्या सुमारास परततात. आमचे घर जुने, चौकाचे. घरात पंचाऐंशी वर्षांच्या मातोश्री, आम्ही उभयता, धाकटे बंधू बापू, त्यांचे कुटुंब व त्यांची कन्या. आमचे दोघे चिरंजीव पुण्यास नोकरीला. बारा एकर जमीन, चार जनावरे, आणि कागदपत्रांची एक लाकडी पेटी. ही पेटी वडिलांच्या मागे आमच्याकडेच राहिली, कारण घरात सर्वांना ठाऊक होते की बापू 'बेभरवशाचा' आहे.

दोन वर्षांपूर्वी आमच्या दोन्ही डोळ्यांना मोतीबिंदू झाला आणि कारभार कोणी पाहावा, असा प्रश्न उभा राहिला. चिरंजिवांनी कळविले की, जमीन बाहेरच्या माणसाला बटाईने द्यावी. बापूकाकांचा भरवसा धरता येणार नाही. बापूच्या डोळ्यादेखत त्याच्या बापजाद्यांच्या शेतात दुसऱ्याचे औत चालणार होते. आम्हाला वाईट वाटत होते. परंतु स्वभावाला औषध नाही, असे म्हणून आम्ही मनाची समजूत घातली होती.

त्या दिवाळीत बापूची कन्या छत्रपती संभाजीनगरहून घरी आली. ती तेथे विद्यापीठात मानसशास्त्र घेऊन एम. ए. करीत होती. भाऊबीजेच्या दुपारी तिने सर्वांना एकेक छापील कागद दिला. त्यावर वाक्ये होती: 'मी आरंभिलेले काम तडीस नेतो', 'मला चारचौघांत बोलणे आवडते', 'मला क्षुल्लक गोष्टींची काळजी लागते', अशी. प्रत्येकापुढे एक ते पाच यांपैकी आकडा घालावयाचा. एक कागद स्वतःविषयी, दुसरा घरातील अन्य कोणाविषयी. आमच्या वाट्यास बापू आला. 'यांच्यावर काम सोपवून निश्चिंत राहता येते' या वाक्यापुढे आम्ही क्षणाचाही विलंब न लावता एक हा आकडा घातला.

मुलीने कागद पाहिला, घडी केली आणि ठेवून दिला. रात्री निजानीज झाल्यावर मात्र ती ओटीवर येऊन बसली.

"काका, एक विचारू? रागावणार नसाल तर."

"विचार."

"बाबांना तुम्ही एक गुण दिलात, तो किती प्रसंगांवरून?"

आम्ही हसून म्हणालो, "प्रसंग काय मोजावयाचे? जन्मभर पाहतो आहे त्याला."

"तरी मोजा ना."

आम्ही मोजू लागलो. १९८३ साली सतरा वर्षांच्या बापूला बियाण्याचे पैसे देऊन माजलगावास धाडले होते. एस. टी. स्थानकावर खिसा कापला गेला. तो भीतीने रात्रभर तेथेच बसून राहिला आणि दुसऱ्या दिवशी रिकाम्या हाताने परतला. पुढे एकदा तलाठ्याकडील कामाची तारीख चुकविली. एकदा विजेचे बिल भरावयाचे विसरला आणि पंप बंद पडला. चौथा प्रसंग काही केल्या आठवेना. चाळीस वर्षांत तीन! मुलगी काही बोलली नाही. "निजा आता काका," एवढे म्हणून ती उठून गेली. आम्हाला मात्र झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिला तिच्या शास्त्राविषयी विचारले. पुढे तिने ठेवून दिलेली पुस्तके शस्त्रक्रियेनंतर नव्या चष्म्याने वाचली. त्यातून जे समजले ते येणेप्रमाणे.

मनुष्याचे व्यक्तिमत्त्व म्हणजे काय, या प्रश्नाला जी अनेक उत्तरे आहेत, त्यांपैकी एक असे की, प्रत्येकाच्या ठायी काही टिकाऊ गुणविशेष असतात, आणि ते कमीअधिक प्रमाणात मोजता येतात. या मोजणीची सुरुवात शब्दकोशापासून झाली, हे वाचून आमच्यातला मास्तर सुखावला. माणसांना परस्परांविषयी जे जे महत्त्वाचे वाटते, त्याला भाषेत शब्द मिळालेला असतोच. म्हणून शब्द गोळा करा, असा हा विचार. इंग्लंडात फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८४ साली एका कोशातून स्वभाववाचक असे सुमारे एक हजार शब्द अंदाजिले. अमेरिकेत गॉर्डन ऑलपोर्ट व हेन्री ऑडबर्ट यांनी १९३६ साली वेब्स्टरचा मोठा कोश चाळून १७,९५३ शब्द काढले, आणि त्यांतील ४,५०४ शब्दच खऱ्या टिकाऊ गुणांचे म्हणून वेगळे केले. ऑलपोर्ट यांनी गुणांच्या पायऱ्याही सांगितल्या आहेत. एखाद्याचे सारे आयुष्य एकाच गुणाने व्यापलेले असते, पण असे लोक विरळा. बहुतेकांचे वर्णन पाचदहा मध्यवर्ती गुणांनी होते. आणि बाकीचे दुय्यम गुण प्रसंगानुसार दिसतात किंवा लपतात.

एवढ्या शब्दांचे करावयाचे काय? येथे गणित उपयोगी पडले. अंकगणितात चांगला असलेला मुलगा बहुधा भूमितीतही चांगला असतो, हे मास्तरांना ठाऊक असते. १९०४ साली चार्ल्स स्पिअरमन यांनी शाळेतील मुलांच्या अशाच गुणांवरून हिशेब मांडला की, जे विषय बरोबरीने वरखाली होतात, त्यांच्या मुळाशी एखादा समाईक घटक असावा. हीच रीत रेमंड कॅटेल यांनी स्वभावाच्या शब्दांना लावली आणि १९४९ साली सोळा घटकांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. पुढे १९६१ साली ट्यूप्स व क्रिस्टल यांना अमेरिकेच्या हवाई दलातील लोकांच्या पाहणीत पाचच घटक वारंवार आढळले. नव्याची आवड, कर्तव्यतत्परता, बहिर्मुखता, मनमिळाऊपणा आणि मनाची अस्थिरता, हे ते पाच घटक आज सर्वाधिक प्रचारात आहेत. यात माणसांच्या जाती पाडलेल्या नाहीत, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. कारखान्यात ऊस गोड की अगोड असे कोणी विचारीत नाही. साखरेचा उतारा किती, असे विचारतात. तद्वत् येथेही प्रश्न 'किती' असा असतो.

आमच्याकडे हा विचार नव्हता काय? होता. चरकसंहितेच्या शारीरस्थानात मनाचे सोळाच प्रकार सांगितले आहेत: सात सात्त्विक, सहा राजस आणि तीन तामस. गीतेच्या सोळाव्या अध्यायाच्या आरंभी दैवी संपत्तीचे सव्वीस गुण मोजले आहेत. समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खाची, उत्तम पुरुषाची आणि पढतमूर्खाची लक्षणे वेगवेगळ्या समासांत दिली आहेत. त्यांतले पढतमूर्खाचे प्रकरण मास्तरलोकांनी वर्षातून एकदा तरी वाचावे. आणखी एक मौजेची गोष्ट. हिंदी भाषेतील स्वभाववाचक शब्द घेऊन २०१३ साली सिंह, मिश्र व डी राड या संशोधकांनी जी पाहणी प्रसिद्ध केली, तीत त्यांना पाचांऐवजी तीन घटक अधिक जुळणारे वाटले, आणि त्यांचा अर्थ त्यांनी सत्त्व, रज, तम या कल्पनांच्या आधारे लावला.

मराठीचा असा हिशेब आपणच थोडासा करून पाहावा, म्हणून आम्ही दाते-कर्वे यांचा १९३२ ते १९३८ या काळात सात भागांत निघालेला महाराष्ट्र शब्दकोश चाळू लागलो. नुसत्या 'ध' या एका अक्षरात धांदरट, धसमुसळा, धोरणी, धीट, धूर्त, धाडसी अशी रांग लागली. वही भरू लागली तशी एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. स्तुतीचे शब्द मोजके आणि निंदेचे मुबलक! चेंगट, हेकट, तिरसट, घुम्या, चोंबडा, आगलाव्या. एकेका दोषाला जणू स्वतंत्र भांडे. आपल्या घरांतून कोणता माल अधिक खपतो, हे यावरून उमगते.

आता दुसरी बाजू. १९२८ साली हार्टशॉर्न व मे यांनी अमेरिकेतील हजारो शाळकरी मुलांची प्रामाणिकपणाबाबत परीक्षा घेतली. कोठे उत्तरे फिरविण्याची संधी ठेवली, कोठे पैसे उचलण्याची, कोठे खेळात लबाडी करण्याची. एका ठिकाणी फसविणारे मूल दुसऱ्या ठिकाणीही फसवील, असा नेम आढळला नाही. पुढे १९६८ साली वॉल्टर मिशेल यांनी दाखविले की, गुणविशेषाच्या मापनावरून एखाद्या विशिष्ट प्रसंगातील वर्तनाचे भाकीत फारच दुबळे ठरते. आणि ली रॉस यांनी १९७७ साली एका मूलभूत चुकीला नाव दिले: दुसऱ्याच्या वागण्याचे कारण शोधताना आपण स्वभावाला फार आणि परिस्थितीला फार थोडे महत्त्व देतो.

हे वाचले आणि पुस्तक हातातून खाली ठेवावे लागले. कारण पंचवीस वर्षांपूर्वीचा एक मुलगा डोळ्यांपुढे उभा राहिला.

सहावीच्या वर्गात तो मागच्या बाकावर बसे आणि दुसऱ्या तासाला झोपे. आम्ही त्याला उठविले, उभे केले, छड्याही मारल्या. वर्षअखेर प्रगतिपुस्तकात शेऱ्याच्या जागी आम्ही सुवाच्य अक्षरात लिहिले: 'आळशी.' मुलगा सातवीनंतर शाळेत दिसला नाही. शेरा लिहिण्यापूर्वी त्याच्या घरी एक खेप घालावी, असे आमच्या मनात आले नाही. घर शाळेपासून पाव कोसही नव्हते.

पुस्तक वाचल्यानंतर काही दिवसांनी आम्ही चौकात गेलो. तेथे तो पंपदुरुस्तीचे दुकान चालवितो, हे आम्हास ठाऊक होते. परंतु आजवर आम्ही रामराम घेऊन पुढे जात असू. त्या दिवशी बाकड्यावर बसलो आणि सरळ विचारले, "बाबा रे, तू वर्गात का झोपत होतास?"

तो हसला. "गुर्जी, मायबाप तोडीला गेलेले. घरी म्या आन् आजी. लाईट रातची यायची. दुसऱ्याच्या रानात पानी धरायला जात व्हतो. पहाटं घरी."

आम्ही काही बोलू शकलो नाही. तोच पुढे म्हणाला, "माय पाडव्याला आली तवा पुस्तक दावलं. तिला वाचता येत न्हवतं. म्हनली, गुर्जीनं काय लिवलंय? म्या सांगितलं, हुशार लिवलंय."

त्याने चहा मागविला. पोरगा शाळेत जातो, पहिल्या पाचांत असतो, असे सांगितले. त्याच्या बोलण्यात किंचितही कडवटपणा नव्हता. तो असता तर आम्हास सोपे गेले असते. रात्रभर दुसऱ्याच्या शेताला पाणी देऊन सकाळी शाळेत येऊन बसणारा मुलगा, आणि आम्ही त्याला आळशी ठरविले! साऱ्या कोशात शोधूनही याहून चुकीचा शब्द सापडला नसता.

घरी आलो आणि एक कोरी हजेरीवही काढली. मास्तराला दुसरे काय येते? मनात म्हटले, बापूची हजेरी घ्यावयाची. तीन प्रसंगांची नव्हे, रोजची. मार्गशीर्षापासून फाल्गुनापर्यंत, चार महिने. रकाने पाडले: गोठा, शेत, मातोश्रींचे औषध, पाहुण्यांची सरबराई, बाजार, सरकारी कागद. बापूला काही सांगितले नाही. आमच्या कुटुंबाने मात्र वही पाहिली आणि विचारले, "एवढे रकाने पाडलेत, तर एक स्वतःचाही पाडायचा." तोही पाडला.

शास्त्रातही याला आधार आहे. सेमूर एप्स्टाइन यांनी १९७९ साली दाखविले की, एकेक दिवसाचे वर्तन घेतले तर माणूस चंचल दिसतो. परंतु पुष्कळ दिवसांची सरासरी घेतली तर त्याचा गुणविशेष चांगला स्थिर दिसू लागतो. म्हणजे स्वभाव नाहीच, असे नव्हे. तो एका प्रसंगावरून ठरत नाही, एवढेच. आणि खुद्द मिशेल यांनी युइची शोडा यांच्यासह १९९५ साली आपले म्हणणे पुढे नेले: माणसाची खरी ओळख 'अमुक प्रसंग आला तर तो अमुक वागतो' अशा जोड्यांत असते, आणि या जोड्या पुष्कळ टिकाऊ असतात.

फाल्गुनात आम्ही बेरीज केली. चार महिन्यांत गोठ्याच्या रकान्यात एकही गैरहजेरी नव्हती. मातोश्रींच्या औषधात दोन. त्यांतील एके दिवशी तो स्वतः तापाने फणफणला होता. शेताच्या कामात दिरंगाई क्वचितच. पाहुण्यांना रात्री-अपरात्री गाडीवर पोचविणे, कधी नाही म्हटले नाही. सरकारी कागदांची नऊ कामे निघाली, त्यांतील पाच मात्र उशिरा झाली. कचेरीत जावयाचे म्हटले की बापू दोन दिवस टाळी, तिसऱ्या दिवशी पोट दुखते म्हणे. त्याला एकदा सहज विचारले, तर म्हणाला, "दादा, खिशात दुसऱ्याचे पैसे असले की मला अजून माजलगावचं स्टँड दिसतं."

१९८३ सालची ती रात्र तो अजून विसरला नव्हता. आम्ही पैसे गेले म्हणून त्याला बेभरवशाचा म्हटले आणि मोकळे झालो; तो मात्र ती रात्र खिशात घेऊन चाळीस वर्षे हिंडत होता. आमच्या शब्दाने त्याला कागदपत्रांपासून दूर ठेवले, दूर राहिल्याने भीती वाढली, आणि भीतीमुळे झालेली प्रत्येक चूक आमच्या शब्दाला पुरावा म्हणून मिळत गेली.

आमच्या स्वतःच्या रकान्याविषयी थोडक्यात सांगतो. संध्या, पूजा, वर्तमानपत्र, भोजन: हजेरी पूर्ण. माजघरातले गळके कौल दुरुस्त करवितो, असे कुटुंबास दिलेले वचन मागच्या दोन पावसाळ्यांपासून प्रलंबित. स्वतःच्या सोयीच्या ठिकाणी आम्ही कर्तव्यतत्पर आहो, असा त्याचा निष्कर्ष निघतो.

पाडव्याला आम्ही पेटी ओटीवर आणविली. शेती आणि जनावरे यांचा सर्व कारभार बापूकडे दिला. पेटीची किल्ली बापूच्या कुटुंबाकडे दिली; त्या बारावी झालेल्या असून बँकेचे व्यवहार आमच्यापेक्षा नीट करतात, हे याच चार महिन्यांत ध्यानात आले. चिरंजिवांना पत्र लिहिले की, जमीन बटाईने देण्याचे कारण उरले नाही. 'बेभरवशाचा' हा शब्द तुम्ही आमच्यापासून शिकलात, तो आम्ही परत घेत आहो. बापू किल्लीकडे पाहत बराच वेळ उभा राहिला. मग, "दादा, बैलांना पाणी दाखवायचं राहिलंय," असे म्हणून गोठ्याकडे गेला. मातोश्री देवघरातून सारे पाहत होत्या. त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

या गोष्टीला वर्ष उलटून गेले. सर्व सुरळीत आहे असे म्हणणार नाही. मध्यंतरी एक अर्ज मुदतीनंतर गेला. परंतु तो का गेला हे आता घरात विचारले जाते, आणि कचेरीत जाताना बापूबरोबर त्याचे कुटुंब जाते.

मग स्वभावाला औषध नाही, ही म्हण खोटी काय? जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून असे दिसते की, माणसामाणसांतील स्वभावभेदाचा सुमारे चाळीस ते पन्नास टक्के वाटा आनुवंशिक असतो; तेव्हा म्हण निखालस खोटी नाही. परंतु २००६ साली ९२ दीर्घकालीन अभ्यासांचा एकत्रित विचार प्रसिद्ध झाला, त्यातून असेही निघाले की वयाबरोबर गुणविशेष बदलतात, आणि कर्तव्यतत्परता तारुण्यानंतर वाढत जाते. सतरा वर्षांच्या पोराला लावलेले विशेषण साठीला आलेल्या गृहस्थाला लागू करणे म्हणजे त्याला बाळपणीचे अंगरखे घालावयास लावण्यासारखे आहे. गीतेच्या चौदाव्या अध्यायातही सांगितले आहे की, तिन्ही गुण एकाच माणसात असतात आणि आळीपाळीने एकेक वर येतो. हा अध्याय आम्हास लहानपणापासून मुखोद्गत आहे. पण बापूला पाहताना तो आम्हास कधी आठवला नाही.

वाचकहो, आपल्या घरातही असा एखादा शब्द कोणाच्या तरी नावाला चिकटलेला असेल. तो किती प्रसंगांवरून लागला, हे एकदा बोटांवर मोजून पाहावे. एका हाताची बोटे पुरली, तर एक वही काढावी. आणि आमच्या कुटुंबाची सूचना विसरू नये, एक रकाना स्वतःचाही पाडावा.

गळके कौल ज्येष्ठात बसविले.